मागे दिसतोय तो राजवाडा

भिंगकाकांकडे म्हैसूरच्या राजवाड्याचा एक फोटो आहे. त्यात एका अनोळखी गृहस्थांच्या शर्टाच्या कॉलरवर पोपटी रंगाचा तुडतुडा बसला आहे. तुडतुड्याच्या तंगडीवरचे काटे मोजून घ्यावेत इतके स्वच्छ दिसतात. कॉलरची शिवण एका जागी उसवली आहे, तेही दिसतं. राजवाडा कुठाय, असं विचारलं की काका करंगळी टेकवून दाखवतात, "हा काय! मागे पिवळा गोळा आहे ना, तो राजवाडा."

चामुंडीच्या टेकडीवरचा नंदीही त्यांच्या संग्रहात आहे. दोड्ड देवराज वोडेयरांच्या काळात, सतराव्या शतकात, एकाच पाषाणातून कोरलेला, सोळा फुटांच्या आसपास उंच, तेल पिऊन पिऊन काळाभोर झालेला हा नंदी बघायला लोक धापा टाकत पायऱ्या चढून येतात. काकांच्या फोटोत एक मुंगळा साखरेचा दाणा ओढून नेतो आहे. "मागे काळं आहे ते नंदीचं पोट," काका सांगतात. मग मान तिरकी करून जरा विचार करतात. "किंवा मांडी असेल."

म्हैसूर हे ऐसपैस गाव. हत्ती मोठे, रस्ते रुंद, झाडं डेरेदार, राजेलोकांची तैलचित्रं भिंतभर. अशा गावात सगळं आयुष्य काढून या माणसाने नखाएवढ्या वस्तूच्या वर नजर न्यायचीच नाही असं ठरवलेलं आहे. त्यांच्या फोटोंमध्ये सबंध म्हैसूर आहे. सगळं मागे आहे आणि सगळं पुसट आहे.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. घर यादवगिरीत, आर. के. नारायण यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नारायणांच्या घराचं २०१६ मध्ये संग्रहालय झालं. काका ते बघायला गेले होते. आल्यावर त्यांनी मला खिडकीच्या चौकटीत राहणाऱ्या एका कोळ्याबद्दल उभ्या उभ्या बरंच काही सांगितलं. "आणि नारायण?" मी विचारलं. "त्यांचंही ठेवलंय की काय काय," काका म्हणाले.

भिंगकाका हे नाव त्यांना गल्लीतल्या मराठी मुलांनी दिलं. गल्लीत मराठी घरं तीन, त्यामुळे हे फारच थोड्या मतांनी झालेलं बारसं. पण कानडी मुलांनीही ते जसंच्या तसं उचललं आणि आता दूधवाला, इस्त्रीवाला सगळे त्यांना 'बिंगकाका' म्हणतात. काका मूळचे मिरजेचे. सत्तरच्या दशकात म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, नोकरीला लागले आणि इथलेच झाले. ही संस्था १९५० साली सुरू झाली ती एका राजकन्येच्या चेलुवांबा मॅन्शन नावाच्या महालात. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांचं अन्न करण्याची कृती इथल्याच शास्त्रज्ञांनी बसवली. काकांचं खातं दुधाबाळांचं नव्हतं. ते टोक्यांचं होतं. साठवलेल्या धान्याला काय लागतं, कधी लागतं आणि ते मारायला कोणत्या वायूची धुरी, ताडपत्रीखाली किती दिवस कोंडून द्यायची, यात त्यांची हयात गेली. त्यांच्या हातून किती जीव गेले, याचा हिशेब चित्रगुप्तानेसुद्धा घाऊकच ठेवला असेल.

निवृत्तीनंतर मुलाने परदेशातून कॅमेरा पाठवला. आईबाबांनी उटीला जावं, एकमेकांचे फोटो काढावेत, ही त्याची साधी अपेक्षा. काकांनी पहिला फोटो काढला तो कॅमेऱ्याच्या खोक्यातून निघालेल्या झुरळाच्या पिल्लाचा.

"नोकरीत होता तेव्हा कधी वळून बघितलं नाहीत हो त्यांच्याकडे," काकू म्हणतात.

"बघितलं होतं की."

"कधी?"

"मेल्यावर."

आता या छंदाचं शास्त्र थोडं सांगायला हवं, कारण ते कळल्याशिवाय काकांच्या वागण्याचा उलगडा होत नाही. वस्तू कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर तिच्या मूळ आकाराएवढी उमटवायची, हे या मंडळींचं पहिलं ध्येय. त्यासाठी हजारो रुपयांची वेगळी लेन्स मिळते. पण सुरुवातीला काकांनी साधी ५० मिलिमीटरची लेन्स उलटी लावून काम भागवलं. उलटी लावली की ती वस्तूच्या इतकं जवळ जाऊ देते की मुंगीला आपला वास यावा. मात्र जवळ गेलं की एक दंड बसतो. स्पष्ट दिसणारी पट्टी आकसत जाते. मूळ आकाराच्या फोटोत एफ ११ ला सुद्धा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा थर नीट दिसतो. त्याच्या पुढचं धुकं, मागचं धुकं. कोळ्याचे डोळे हाती लागले की पाय जातात, पाय धरले की डोळे. म्हणून मग एकाच कोळ्याचे पुढून मागे सरकत अनेक फोटो काढायचे आणि संगणकावर ते एकावर एक रचून एक अख्खा कोळी तयार करायचा. एवढा वेळ कोळ्याने हलायचं नाही. कोळ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

आपण तरी हलायचं नाही, हे काकांच्या हातात आहे, म्हणून ते श्वास रोखतात. या सवयीने आता त्यांचं घर बळकावलं आहे. काहीही बारकाईने बघायचं झालं की काकांचा श्वास थांबतो. वीजबिल बघताना थांबतो, सुईत दोरा ओवताना थांबतो, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचताना थांबतो. एकदा डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवून "श्वास घ्या" म्हटलं, तेव्हा काका त्यांच्या शर्टाच्या बटणावरचा केस बघत होते. डॉक्टर घाबरले.

दुसरी सवय डब्यांची. फ्लॅशचा उजेड किड्यांच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो. तो मऊ करायला मध्ये काहीतरी अर्धपारदर्शक लागतं. बाजारात त्यासाठी सामान मिळतं, पण मिरजेच्या माणसाला ते विकत घेववत नाही. घरातला दह्याचा पांढरा डबा एके दिवशी बुडाशी कापलेला सापडला. मग मिठाईच्या डब्याचं झाकण गेलं. मग काकूंच्या भिशीच्या स्टीलच्या डब्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण गेलं, आणि तिथे मात्र भांडण झालं. सध्या काकांच्या कॅमेऱ्याच्या तोंडाला जे काही बांधलेलं आहे, त्यावर 'घट्ट दही' अशा अर्थाची कानडी अक्षरं अजून वाचता येतात. काकूंनी फ्रिजबाबतही एक कायदा करून ठेवला आहे. किडा गारठवला की हलत नाही, असं या छंदातले काही उतावळे लोक करतात, हे त्यांनी कुठेसं वाचलं. "डोशाच्या पिठाशेजारी मला एक जरी बाटली दिसली ना, तर मी सरळ मिरजेच्या गाडीत बसेन." काकांनी बाटली कधी ठेवली नाही. ते तत्त्वाने पहाटे उठतात, कारण पहाटे दव असतं, किडे आपोआप गारठलेले असतात आणि काकू झोपलेल्या असतात.

पहाटेचं त्यांचं क्षेत्र म्हणजे कुक्करहळ्ळी तलाव. मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी १८६४ मध्ये बांधलेला हा तलाव आता विद्यापीठाच्या कुशीत आहे. कुवेंपु इथे फिरायला यायचे, त्यांना कविता सुचायच्या. आता इथे सगळं म्हैसूर फिरायला येतं, आणि त्यांच्या वाटेत काका पालथे पडलेले असतात. नवा माणूस हमखास धावत येतो. "एन् सार, बिद्दुबिट्रा?" काय साहेब, पडलात की काय? काका न हलता, श्वास न सोडता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणतात, "इल्ला. जेडा." नाही, कोळी. तो भला माणूस कोळी चावला असं समजून दुसऱ्या दोघांना बोलावतो. तिघं मिळून काकांना उचलतात. कोळी निघून जातो.

काकांचा सर्वांत आवडता कोळी याच तलावाकाठच्या एका आंब्याच्या झाडावर राहतो. झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या आहेत, कडकडून चावणाऱ्या. त्यांच्यात हा कोळी मुंगीचं सोंग घेऊन फिरतो. तोच तांबूस रंग, तीच चिंचोळी कंबर. कोळ्याला पाय आठ, मुंगीला सहा. म्हणून पुढचे दोन हा डोक्यापुढे उचलून धरतो आणि मुंगीच्या मिशा हलाव्यात तसे हलवत राहतो. नराचे जबडे तर इतके लांब पुढे आलेले असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असं वाटतं. हे सांगताना काका स्वतःचे दोन्ही हात कपाळापुढे धरून बोटं हलवतात. बँकेत, रांगेत, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी उभे असतानाही हलवतात. त्या दिवशी खिडकीतल्या मुलीने दाखला फार पटकन दिला, असं काकू सांगतात.

त्यांचं दैवत मात्र कोणी छायाचित्रकार नाही. डेल्फ्टचा लेवेनहुक. धंद्याने कापडवाला, कापडाचे धागे मोजायच्या भिंगावरून स्वतः भिंगं घासण्याचा नाद लागला आणि या गृहस्थाने पावसाचं पाणी, मिऱ्याचं पाणी, जे हाताला लागेल ते बघून काढलं. १६८३ मध्ये त्याने स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून त्यातले वळवळणारे जीव बघितले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. त्याने ओळखीच्यांच्या दातांवरचंही मागून घेतलं होतं. हा तपशील काका नेमका पाहुण्यांचा चहा होत आला की सांगतात.

गावातल्या थोरांपैकी ते टी. एस. सत्यन यांना मानतात. सत्यन म्हैसूरचेच, १९२३ चा जन्म. साधी माणसं, साधे रस्ते आणि विशेषतः मुलं यांचे फोटो त्यांनी जन्मभर काढले. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात त्यांच्या मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन युनिसेफने थेट संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरवलं होतं. "मोठा माणूस," काका म्हणतात. "मुलं कोळ्यापेक्षा जास्त हलतात."

स्वतः काका माणसांच्या वाटेला जात नाहीत. एकदा गेले होते. आमच्या नात्यातलं एक लग्न म्हैसुरात झालं, त्या वेळी ठरलेला फोटोग्राफर वेळेवर पोचला नाही आणि कोणीतरी काकांना पुढे केलं. अल्बम बघण्यासारखा आहे. नवरीच्या पापणीला चिकटलेला अक्षतेचा एक दाणा. हळदीत बुडालेला अंगठीचा हिरा. वराच्या मुंडावळीतल्या मोत्यावर उलटं उमटलेलं कार्यालय. मामांच्या कानातल्या भिकबाळीवर बसलेलं चिलट. फार देखणे फोटो आहेत. फक्त कोणाचं लग्न होतं ते त्यावरून सांगता येत नाही. नवरीकडच्या आजी चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून शेवटी म्हणाल्या, "छान आहेत हो, पण आम्ही आलो होतो का?"

खाण्याच्या पदार्थांना काकांच्या घरी आधी कॅमेऱ्यापुढून जावं लागतं. म्हैसूरपाक हा नाल्वडी कृष्णराज वोडेयरांच्या मुदपाकखान्यात काकासुर मादप्पा नावाच्या आचाऱ्याच्या हातून जन्मला, असं सांगतात. काकांना त्याच्या जन्माशी कर्तव्य नाही. उकळतं तूप पडल्यावर बेसनात जी जाळी फुगून येते, तिचं त्यांना वेड. ताज्या वडीचा छेद, बाजूने उजेड, आत गुहांमागून गुहा, एकीच्या छतावरून लोंबणारा तुपाचा थेंब. तो थेंब पडायच्या आत फोटो यायला हवा, म्हणून पाहुण्यांनी हात मागे घ्यायचा. थेंब थिजल्यावर वडी हवाली केली जाते. असल्या घरी गरम डोसा मिळण्याची आशा कोणी ठेवत नाही; शहाणी माणसं खाऊन येतात.

मतदानाच्या शाईचं प्रकरण मला जास्त आवडतं, कारण त्यात काकूंचा बळी गेला. साऱ्या देशाच्या बोटाला लागणारी ती न पुसणारी शाई म्हैसुरातच होते. नाल्वडी कृष्णराजांनी १९३७ मध्ये रंगरोगणाचा कारखाना काढला. १९६२ च्या निवडणुकीपासून तो ही शाई देशाला पुरवतो. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरचा डाग काही दिवसांत फिका होतो, नखावरचा मात्र नख वाढेल तसा पुढे सरकत जाऊनच संपतो. २६ एप्रिल २०२४ ला म्हैसूरने लोकसभेचं मतदान केलं आणि काकांना मालिका सुचली: लोकशाही, नखाच्या मुळापासून टोकापर्यंत. स्वतःचं नख ते कुरतडतात, म्हणून काकूंचं घेतलं. रोज सकाळी डाव्या हाताची तर्जनी दह्याच्या डब्यापुढे. नखाचे पन्हळ, पन्हळात उतरलेली काळी-जांभळी शाई, मुळाशी उगवणारी नव्या नखाची कोवळी कोर. आणि अट एक: मालिका पुरी होईपर्यंत ते नख कापायचं नाही. निकाल लागला, सरकार आलं, शपथविधी झाला, पाऊस सुरू झाला, तरी काकूंचं एक नख वाढतच होतं. त्या कणीक मळेनात. भजनीमंडळात टाळ धरताना बोट बाजूला ठेवायच्या. शेवटी एका दुपारी टच्‌ असा आवाज झाला. काकूंनी नख कापून तो तुकडा कागदाच्या पुडीत बांधून काकांच्या टेबलावर ठेवला. काकांनी त्या तुकड्याचाही फोटो काढला. तो मालिकेतला सर्वांत चांगला आहे.

दसऱ्यात या माणसाचं काय होत असेल, याची कल्पना आता यावी. राजवाड्यावर सुमारे ९७,००० दिवे आहेत. ते एका क्षणी पेटतात, बँड सुरू होतो, आणि आवारात जमलेले हजारो लोक एकदम 'आ' करतात. या हजारोंमध्ये एकच माणूस राजवाड्याकडे बघत नसतो. इतका उजेड म्हटल्यावर किडे येणारच, आणि ते लोकांच्या अंगावर बसणारच, असा त्याचा हिशेब. सुरुवातीला सांगितलेला तुडतुडा असाच मिळाला. काका त्या गृहस्थांच्या मानेशी कॅमेरा नेऊन कुजबुजले, "अल्लाडबेडी, अल्लाडबेडी." हलू नका. ज्या माणसाच्या मानेशी अंधारात कोणी असं कुजबुजतं, त्याच्या मनात तुडतुडा येत नाही, विंचू येतो. ते गृहस्थ जे उडाले ते पुढच्या रांगेत पडले. पण त्याआधी फोटो आला होता.

विजयादशमीची जंबू सवारी ही दसऱ्यातली सगळ्यांत मोठी मिरवणूक. साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी, तीत चामुंडेश्वरी, आणि ती पाठीवर घेऊन बन्नीमंटपापर्यंत पाच किलोमीटर चालणारा हत्ती. २०१२ ते २०१९ ती अर्जुनाने वाहिली, २०२० पासून अभिमन्यू वाहतो. महिना-दीड महिना आधीपासून हत्तींची तालीम चालते. अंबारीऐवजी वाळूची पोती लादून त्यांना त्याच रस्त्याने नेतात. अशा एका तालमीला मी काकांबरोबर गेले होते. हत्ती आले. झुलत, कान हलवत, रस्ता भरून. लोकांनी मोबाइल वर केले. हत्ती गेले, त्यांच्यामागून लोक गेले, रस्ता रिकामा झाला आणि काका कुठे दिसेनात. ते रस्त्याच्या मधोमध हत्तीच्या शेणाच्या गोळ्यासमोर गुडघे टेकून बसले होते.

"बघ," त्यांनी मला कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दाखवला. हिरवी-सोनेरी माशी, पाठ अशी की सराफाने नुकती उजळून दिलेली. "अंबारीवरचं सोनं काय, याच्यापुढे! आणि वजन?" ते भारावून म्हणाले. "वजन मिलिग्रॅममध्ये!"

तेवढ्यात एक पोलीस आला. त्याने काकांकडे पाहिलं, शेणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय मायेने मला विचारलं, "तुमचे वडील का?"

आणि मग अक्कांचं गोंबे हब्ब. म्हैसुरात नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, मधोमध लाकडाचे राजा-राणी, खाली देव, संत, लग्नाची वरात, दसऱ्याची मातीची मिरवणूक. आणि एका कोपऱ्यात शेट्टी वाणी: उघडाबंब, ढेरपोट्या, शेजारी बायको, पुढ्यात छोट्या छोट्या वाट्यांत खरा तांदूळ, खरी डाळ, खरा गूळ. पलीकडच्या घरातल्या अक्कांचं गोंबे हब्ब सबंध रस्त्यात नावाजलेलं. राजा-राणी त्यांच्या आजीच्या रुखवतातले. बायका हळदीकुंकवाला येत, गाणी म्हणत, चुंडल खात. काकांनाही बोलावणं गेलं, "सार, आमचा एक चांगला फोटो काढा." काकूंनी बजावून पाठवलं, पूर्ण मांडणीचा काढायचा. वरपासून खालपर्यंत. राजा-राणी स्पष्ट.

काका गेले आणि शेट्टीसमोर पालथे पडले.

तांदळाच्या वाटीत, ढिगाच्या माथ्यावर, एक टोका चढत होता. अडीच-तीन मिलिमीटरचा, काळपट तपकिरी, पाठीवर चार तांबूस ठिपके, पुढे सोंड. ज्यांच्या समूळ उच्चाटनासाठी काकांनी सरकारचा पगार घेतला, त्यांच्यापैकी एक, नवरात्रात, वाण्याच्या दारात. काकांनी श्वास रोखला. टोक्याला सावली जाणवली आणि त्याने पाय आखडून मेल्याचं सोंग घेतलं. ही त्यांची जुनी खोड. दोघंही निपचित. मागे बायकांचं एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. अखेर टोक्याने एक पाय सोडला, मग दुसरा, उठला आणि सोंड वर करून शेट्टीच्या तोंडाकडे बघू लागला.

फोटो अप्रतिम आहे, यात वाद नाही. तांदळाचे दाणे संगमरवरी शिळांएवढे. त्यातल्या एकाला गोल भोक: मादीने दाणा पोखरून अंडं घालायचं, वरून बूच लावायचं, अळीने आतल्या आत दाणा खाऊन मोठं व्हायचं आणि कुरतडत बाहेर यायचं, तो हा दरवाजा. शिळांवर उभा टोका, एखाद्या बैलाएवढा. मागे नारिंगी धुकं, म्हणजे शेट्टी. त्याहून मागे दोन तपकिरी डाग. राजा-राणी.

काकांनी तो रात्री गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'अक्कांच्या घरी दसऱ्याचे पाहुणे.'

थोडा वेळ शांतता होती. मग एकाने लिहिलं, 'सुपर क्लोजअप सार.' मग एकीने विचारलं, कोणत्या दुकानाचा तांदूळ? मग दुसरीने लिहिलं, आम्ही कालच तिथे चुंडल खाल्लं. मग तिसरीने फक्त तोंडावर रुमाल धरलेलं चित्र टाकलं. अक्का ग्रुपमधून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी उपास असल्याचं सांगितलं, ज्यांचा नव्हता त्यांनीही.

काकूंनी काकांना हाताला धरून माफी मागायला नेलं. मी साक्षीला होते. काका अक्कांसमोर हात जोडून उभे राहिले आणि चेहरा पाडून म्हणाले, "अक्का, चुकलंच. मी नुसतं 'पाहुणे' लिहिलं, जात लिहिली नाही. पण ती बाहेरून कळतच नाही हो. तांदळातला आणि मक्यातला, दोन्ही अगदी सारखे दिसतात. खात्री करायची तर पोट फाडूनच बघावं लागतं."

काकूंनी डोळे मिटले. अक्कांनी बराच वेळ काकांकडे पाहिलं. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मूर्खपणा आणि प्रामाणिकपणा एकाच माणसात भेटले की किती गुण द्यायचे, याचा त्यांना सराव असावा. त्या आत गेल्या, तांदळाचा मोठा डबा उचलून आणला आणि काकांपुढे आपटला.

"याच्यात किती आहेत ते सांगा."

काका तिथेच फरशीवर बसले. खिशातलं भिंग काढलं. दाणे तळहातावर घेऊन उलटेपालटे केले, बूच लावलेले वेगळे काढले, भोकवाले वेगळे काढले, डब्याच्या झाकणाच्या खाचेत काय दडलंय ते अक्कांना दाखवलं. ऊन किती द्यायचं, डबा आधी कसा कोरडा करायचा, जुन्या तांदळावर नवा का ओतायचा नाही, सगळं सांगितलं. पंचवीस माणसं हाताखाली असताना सांगत असत त्याच आवाजात. अक्का वही घेऊन आल्या.

त्यानंतर गल्लीतले डबे खालच्या मजल्यावर येऊ लागले. कोणाची तूरडाळ, कोणाचा रवा, कोणाची नाचणी. काका आधी फोटो काढतात, मग उपाय सांगतात. या क्रमाला आता कोणी हरकत घेत नाही. अक्का ग्रुपवर परत आल्या आहेत. बायका आपापल्या डब्यातला किडा ग्रुपवर आला की त्याला किती अंगठे मिळाले ते मोजतात, आणि रव्यातल्या एका तांबड्या भुंगेऱ्यावरून दोन घरांत चुरस लागल्याचंही मी ऐकलं.

पण खरा फायदा काकूंनी करून घेतला. जो माणूस एकेका दाण्याकडे श्वास रोखून बघतो, त्याचा उपयोग त्यांना इतकी वर्षं सुचला कसा नाही, याचंच त्या नवल करतात. घरातले तांदूळ आता काका निवडतात. जेवायला दोन वाजून जातात, ते चालतं. परवा मिरजेहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला होता, तेव्हा जिन्यात मला ऐकू आलं. काकू सांगत होत्या, "अगं ताई, तांदळाचं काय घेऊन बसलीस! आता मेथी निवडायला बसवलंय. आधी नाही म्हणत होते. पानामागे मावा असतो म्हटल्यावर स्वतःच पिशवी घेऊन बाजारात गेले."